कमरेएवढं पाणी

१

कमरेएवढ्या पाण्यात धडधाकट माणूस बुडाला, म्हणजे त्याला बुडायचंच होतं, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मास्तरांचं प्रेत तलावाच्या कोनाड्यात, लव्हाळ्यात अडकलेलं सापडलं. कोनाडा म्हणजे तलावाचा आत वळलेला एक कोपरा. दोन्ही बाजूंना खडक, तोंडाशी लव्हाळं, रस्त्यावरून दिसतही नाही. मास्तरांच्या अंगात छातीपर्यंतची रबरी विजार होती, मासे धरणारे पाण्यात उतरताना घालतात तशी. ती पाण्याने भरली होती. अंगावर ओरखडा नाही, पाकीट खिशातल्या खिशात. पोलिसांनी गळाच्या दुकानातून तलावाच्या खोलीचा नकाशा मागवला. कोनाड्यात जिथे तिथे एकच आकडा होता. एक. एक मीटर पाणी. मोबाइलवरचा नकाशा उघडून पाहिला, तिथेही एक. मग त्यांनी मुलीला विचारलं, घरात काही झालं होतं का? मुलगी खोटं बोलणारी नव्हती. सकाळी भांडण झालं होतं, असं तिने सांगून टाकलं. प्रकरण मिटवायला एवढं पुरे होतं.

ही मुलगी नर्स होती. सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. मास्तरांचे दिवस झाल्यावर ती फौजदारांच्या घरी आली.

फौजदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको गेल्यापासून ते कुठे जात नव्हते. बाहेरच्या खोलीत तिचा पलंग होता तिथे फरशीवर चार पायांचे चार पांढरे डाग राहिले होते. सिस्टरची नजर आत येताच तिथे गेली. शेवटचे सहा महिने त्या पलंगापाशी तिनेच काढले होते.

"काका, मला एकच सांगा. बाबा माझ्यामुळे गेले का?"

"बस आधी. काय बोललीस तू त्यांना?"

"रोजचंच. त्या विजारीचा वास घरभर पसरतो म्हणून. मी म्हटलं, एकदाचे जा त्या तलावात, मला सुटका तरी होईल."

"आणि ते?"

"जातो म्हणाले. डबा घेतला आणि गेले."

फौजदारांना बोलायचाही कंटाळा आला होता. "पोरी, मी आता कसल्या चौकशा करणार? जिना चढलो की दम लागतो."

"काकूंच्या वेळी तुम्ही मला पुन्हा पुन्हा विचारायचात, तिला दुखतंय का? मी एकदाही खोटं सांगितलं नाही." तिने डोळे पुसले नाहीत, तशीच बघत राहिली. "आता तुम्ही मला खरं सांगा. जे असेल ते."

फौजदारांनी खुंटीवरचा शर्ट काढला.

२

पोलिसांनी परत केलेलं सामान सिस्टरच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यात पडून होतं. गळाची काठी, काठावर सापडलेला भरलेला जेवणाचा डबा, घडी घातलेला नकाशा. फौजदारांनी आधी गळ पाहिला. त्याला वाळून चामट झालेलं गांडूळ चिकटलं होतं.

नकाशा उलगडला. जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खूण एकच्या आकड्याशी.

"हे काय गं?"

"बाबांना पोहता येत नव्हतं. कमरेच्या वर पाण्यात जायचे नाहीत ते. नकाशा बघून उथळ जागा शोधायच्या आणि तिथेच उतरायचं. मी चिडवायची, मास्तर, मासेही पुस्तकात बघून धरता का?"

मरायला निघालेला माणूस उथळ पाणी शोधत बसत नाही, गळाला गांडूळही लावत नाही. पण फौजदारांनी ते तोंडावाटे काढलं नाही. मनात काय कधी येईल सांगता येत नाही, असं कुणीही म्हणालं असतं. सगळं अडत होतं त्या एकच्या आकड्याशी. आणि तो आकडा सगळ्यांनी वाचला होता, मोजला कुणीच नव्हता.

घरी येऊन त्यांनी गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडली. एवीतेवी ते आता कपडे खुर्चीवरच टाकत होते. दोरीला वीट बांधली, पिशवीत घातली आणि तलावाच्या धक्क्यावर गेले.

धक्क्यावर तात्या होते. बोटी भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. दुकानातला खोलीचा नकाशा मुळात त्यांनीच काढलेला, बायकोला बरोबर घेऊन. ते वल्ही मारायचे आणि ती दोरीला शिसं बांधून तळ शोधायची. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तात्या एका छोट्या हिरव्या बोटीतलं पाणी उपसत बसले होते. बोटीत दोन गाद्या होत्या, आणि नांगराच्या ओल्या दोरीचं वेटोळं केवढं तरी मोठं होतं.

"ही देता का भाड्याने?"

"ही नाही. ही माझी. संध्याकाळी जरा जाऊन बसतो मी."

"कुठे?"

"असंच. कोनाड्याच्या बाजूला."

"मला तिथेच जायचंय. सोडता?"

तात्यांचा हात थांबला. "तिथे बोट कोण नेतं, साहेब? उथळ आहे, खडक आहेत. तळ फाटेल."

"बरं. मग काठाने जातो आणि उतरतो पाण्यात. कमरेएवढं तर आहे."

"नको!" तात्या एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाण्यात उतरू नका. निसरडं आहे फार."

फौजदार काठाकाठाने चालत कोनाड्यावर गेले. एका खडकावर बसून दम खाल्ला. मग वीट पाण्यात सोडली. दोरी हातातून सरकू लागली. गुडघाभर, कमरेएवढी, गळ्याएवढी, मग पुरुषभर. ती सरकतच राहिली. शेवटची गाठ त्यांच्या बोटांना येऊन अडकली.

दोरी संपली होती, आणि वीट अजून तळाला टेकली नव्हती.

३

"नकाशा विकत घेणारे ढीगभर, साहेब. मोजून बघणारा एक नाही," गळाचा दुकानदार म्हणाला. कोनाडा खोल निघाल्याचं ऐकून त्याचा चेहरा उतरला होता, पण तोंड चालूच होतं. "मास्तर माझे दोस्त. आम्ही जोडीने पाण्यात उतरायचो. त्यांना मी कशाला चुकीचा नकाशा देईन?"

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर जुना नकाशा टांगलेला होता, हाताने काढलेला, ऊन खाऊन पिवळा पडलेला. फौजदार काउंटरच्या आत शिरले आणि चष्मा वर करून कोनाडा शोधला. तिथे लिहिलं होतं, सात.

"हा तात्यांचा?"

"तात्यांचा आणि वहिनींचा. पण तो जुना झाला ना. गाळ सरकतो, काठ ढासळतो. म्हणून नवा काढताना मी काय केलं, त्याची एक प्रत काउंटरला टांगली आणि दोरीने पेन्सिल बांधली. ज्याला कुठे फरक सापडेल त्याने लिहायचं. वर्षभर टांगली होती. त्यावरून त्या नकाशेवाल्या मुलीने कंप्युटरवर नवा काढून दिला."

"कुणी काय लिहिलं ते तपासलंत?"

"कसं तपासणार? गिऱ्हाईक बघू की पेन्सिल? एकाने तर तलावाच्या मधोमध माझं उधारीचं धोरण लिहिलं होतं. शिव्यांसकट."

"ती प्रत कुठे आहे?"

"रद्दीत गेली."

फौजदार स्टुलावर बसले. त्यांचे पाय दुखत होते. "तुम्ही स्वतः काय लिहिलंत त्यावर?"

दुकानदार कसनुसं हसला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणीच नाही. विचारून बघितलं."

"अहो, पंपाच्या खोलीमागे वाळूचा पट्टा आहे. मांडीभर पाणी, पायाखाली घट्ट. मासे असे लागतात की काय सांगू. तिथे मी लिहून टाकलं, पाच मीटर, चिखल. पंपापाशी मोटरबोटीला बंदी, तपासायला कोण येणार? तेव्हापासून एक माणूस फिरकत नाही. आपली जागा कोण सांगतो, साहेब? पण कोनाड्याला मी हात लावला नाही. आईशपथ."

"तिथे गेला होतात कधी?"

"कशाला जाऊ? नकाशा जुना होता तेव्हा सात मीटर. मी पडलो मांडीभर पाण्यातला माणूस. बोटीत बसलो की मला ओकारी येते. आणि नवा नकाशा आला तोवर मला माझा पट्टा होता ना!"

म्हणजे हा माणूस खोटं लिहितो, आणि कबूलही करतो. फौजदार उठले. हाच असेल, असं त्यांच्यातला जुना फौजदार म्हणत होता. पण काहीतरी उलटं वाटत होतं. काय, ते मात्र हाती लागत नव्हतं.

४

नकाशेवाली मुलगी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत काम करायची. टेबलावर दोन पडदे, वायरी आणि अर्धा प्यालेला चहा.

"सर, मी अख्खा तलाव यंत्राने मोजलाय," ती म्हणाली. "बोटीच्या तळाला यंत्र लावायचं, ते आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते. हे बघा."

पडद्यावर तलाव उघडला. निळ्या पाण्यावर बारीक पांढऱ्या रेघा विणल्यासारख्या गेल्या होत्या. जिथून बोट गेली तिथे रेघ, असं तिने सांगितलं. फौजदारांनी कोनाड्यावर बोट ठेवलं. तिथे एकही रेघ नव्हती.

मुलगी त्या बोटाकडे बघत राहिली.

"इथे मी गेले नाही," ती हळूच म्हणाली. "पेन्सिलने एक मीटर लिहिलं होतं आणि खडकांच्या फुल्या होत्या. माझी बोट मोटरची. पंखा तुटला असता, यंत्रही गेलं असतं. मग मी तोच आकडा घेतला."

"दुकानाच्या नकाशात?"

"दोन्हीत. मोबाइलच्या पण. एकच माहिती आहे ती, सर."

म्हणजे दोन नकाशे नव्हतेच. एकच नकाशा दोनदा दिसत होता आणि स्वतःचीच साक्ष देत होता. दुकानातल्या नकाशावर खाली 'यंत्राने मोजलेला' असं छापलेलंही होतं.

"पेन्सिलीचं अक्षर ओळखलंत?"

"एका आकड्याचं काय अक्षर असतं, सर?" तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "म्हणजे ते माझ्यामुळे बुडाले?"

"सगळे हेच विचारताहेत," फौजदार म्हणाले. "चहा पी. गार झालाय."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. कुणीही लिहिलं असेल. पेन्सिल दोरीला बांधून चौकात टांगल्यासारखी होती. सिस्टरला एवढंच सांगता आलं असतं की पाणी खोल आहे. पण पोलीस म्हणणार, खोल पाण्यात तर जीव देणं आणखी सोपं. आकडा चुकून पडला की मुद्दाम, आणि कुणी लिहिला, हे कळल्याशिवाय तिच्या पदरात काही पडणार नव्हतं.

५

घरी आल्यावर त्यांना भूक लागली. बऱ्याच दिवसांनी अशी भूक लागली होती. बिस्किटं आहेत का म्हणून त्यांनी फडताळ उघडलं, आणि मग आपोआप मान वर गेली. माळ्यावर, कोळिष्टकांच्या मागे, पत्र्याचा डबा होता.

त्यांना साखर वर्ज्य होती. बायको बिस्किटांचा डबा त्यांच्यापासून लपवायची आणि तोही दरवेळी तिथेच, कोळ्यांच्या जाळ्यांमागे. तिला कोळ्याची भयंकर भीती. डोळे मिटून, पदर तोंडाला लावून ती स्टुलावर चढायची. तिथे कोणी हात घालणार नाही, अशी तिची खात्री. फौजदारांना कोळ्याची भीती नव्हती. ते दर आठवड्याला डबा काढून दोन बिस्किटं खायचे आणि परत ठेवायचे. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं असेल, बोलली नसेल.

फौजदार माळ्याकडे बघत उभे राहिले.

माणूस दुसऱ्याला कशाची भीती घालतो? ज्याची त्याला स्वतःला असते, त्याची.

दुकानदार पाण्यात उतरून मासे धरणारा. त्याला भीती खोल पाण्याची आणि चिखलाची. म्हणून स्वतःची जागा राखायला त्याने उथळ जागेवर खोल लिहिलं. मग कोनाड्यात खोल जागेवर उथळ कोण लिहील? ज्याला उथळाची भीती आहे तो. उथळ पाणी आणि खडक यांना भितो कोण? पायी चालणारा नाही. त्याला तर ते निमंत्रण. भितो तो बोटवाला. नकाशेवाली मुलगी त्या आकड्याला बघून मागे फिरली होती, म्हणजे ज्याने तो लिहिला त्याचं काम तिच्यावर बरोबर झालं होतं. ती फसलेली. दुकानदार बोटीत बसतच नाही.

राहिलं कोण?

सकाळी फौजदार धक्क्यावर गेले. तात्या हिरव्या बोटीपाशीच होते.

"तात्या, कमरेएवढ्या पाण्यात बोट उभी करायला नांगराची दोरी केवढी लागते?"

तात्यांनी वेटोळ्याकडे पाहिलं.

"आणि काल मी पाण्यात उतरतो म्हटल्यावर तुम्ही ओरडलात. निसरडं काठावर असतं. तुम्हाला भीती होती पुढची."

तात्या धक्क्याच्या पायरीवर बसले. फौजदारही शेजारी बसले. घाई कुणालाच नव्हती.

"ती शेवटची जागा आम्ही मोजलेली," तात्या म्हणाले. "तिने शिसं सोडलं आणि ओरडली, सात! खडकावरून आवाज परत आला. तिला हसू आवरेना. म्हणाली, ही जागा आपली. मग आम्ही रोज संध्याकाळी तिथे जायचो. मासे धरायला नाही, उगाच. ती गेल्यावर मोटरबोटी यायला लागल्या. गाणी, बाटल्या, आरडाओरडा. दुकानात पेन्सिल टांगलेली होती. मी सातावर काट मारली, एक लिहिला, खडकांच्या चार फुल्या मारल्या. नवा नकाशा निघाल्यापासून एक बोट आली नाही, साहेब. एक नाही."

"आणि कुणी चालत आलं तर?"

"मनातच आलं नाही. जन्म गेला बोटीत. उथळ म्हटलं की माणूस मागे फिरतो, एवढंच मला ठाऊक. मास्तर गेल्याचं ऐकलं त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून घास उतरत नाही."

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सगळे तिथे गेले असते. पोलीस, लोक. आणि बोलून काय? मास्तर परत येणार आहेत?"

फौजदारांना त्यांचं समजलं, हीच पंचाईत होती. स्वतःच्या घरात त्या चार पांढऱ्या डागांवर त्यांनी आजवर खुर्ची ठेवू दिली नव्हती. इथून उठून घरी जावं, पाणी खोल निघालं एवढंच सांगावं, आणि हा माणूस आणि त्याची जागा राहू द्यावी, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"मास्तर नाही येणार," ते म्हणाले. "पण त्यांची मुलगी घरात बसून रोज त्यांना स्वतःच्या हाताने मारते आहे. उठा."

"कुठे?"

"तिच्याकडे. पोलिसांकडे नंतर जाऊ. मी सांगणार नाही, तुम्ही सांगा."

६

तात्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बसा म्हणावं हे सिस्टरला सुचलं नाही, आणि त्यांनाही बसवलं नसतं. सांगताना त्यांनी काही झाकलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने तात्यांकडे नाही, फौजदारांकडे पाहिलं.

"म्हणजे बाबांना वाटलं, कमरेएवढंच आहे."

"हो. नकाशावर खूण करून गेले होते. गळाला गांडूळ लावलं होतं. आणि डबा, पोरी. डबा उघडलासुद्धा नव्हता. काठावर ठेवून गेले होते. जेवायला परत यायचं होतं त्यांना."

ती खाली बसली. गुडघ्यात डोकं घालून रडली, मोठ्याने, लहान मुलासारखी. दिवसांनाही ती अशी रडली नव्हती. दोघं म्हातारे भिंतीकडे बघत उभे राहिले.

मग तिने तोंड धुतलं आणि तात्यांसमोर आली.

"मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नको करूस."

"मी खरंच सांगतेय. कधीच नाही."

"बरं."

"मला तिथे घेऊन चला."

हिरव्या बोटीत तात्या वल्ह्यांवर बसले, फौजदार मागे. पुढची गादी रिकामी होती. सिस्टर पाय ठेवताना थांबली, कारण तात्या त्या गादीकडे बघत होते. मग त्यांनी मान हलवली आणि ती बसली. कोनाड्यात वारा नव्हता. पाणी काळं आणि गप्प होतं.

तात्यांनी फळीखालून जुनी शिशाची दोरी काढली. मीटरमीटर अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या. ती त्यांनी सिस्टरच्या हातात दिली. तिने ती हळूहळू सोडली. चिंध्या एकामागून एक पाण्यात गेल्या. फौजदारांनी गुडघ्यावर नवा नकाशा पसरला होता. कोनाड्यातला एक त्यांनी खोडून ठेवला होता.

दोरी सैल पडली. सिस्टरने ती ताणून पाहिली, चिंध्या मोजल्या.

"किती?" तात्यांनी विचारलं. त्यांची पाठ तिच्याकडे होती.

"सात," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगायचं असतं. वल्ही मारणाऱ्याला ऐकू जायला हवं."

सिस्टरने दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सात!" ती ओरडली, आणि खडकांवरून तो आकडा परत आला.

तात्यांची वल्ही पाण्यात तशीच थांबली. फौजदारांनी सात लिहिला, पेन्सिल दाबून, दोनदा गिरवून, कुणालाही वाचता येईल असा.